पुष्पांजली छाप तूरडाळ

देऊळगाव राजा
९ जुलै २०१७

प्रिय कोकिळावहिनी,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र कडूबाभाऊंच्या हाती देते आहे. तुमच्या दालमिलची गाडी घेऊन ते रामरावांच्या किराणा दुकानी डाळीचे कट्टे उतरवायला आले आणि मी घाईघाईने चार ओळी लिहायला बसले. फोन करणार होते, पण तुमच्याकडे फोन कोण उचलेल याचा नेम नाही. मागच्या खेपेला बाबांनी उचलला होता. मी "हॅलो" म्हटलं. गिरणीचा आवाज तेवढा येत राहिला. शेवटी मीच ठेवला.

इथे सध्या दुकानात सामान कमी आणि भाषणं जास्त. नवा कर लागला ना! रामराव पेपर पसरून बसतात आणि येणारा प्रत्येक जण त्यावर आपलं मत ठेवून जातो. एक म्हणतो, सगळे कर जाऊन एकच आला, आता स्वस्ताई येणार. दुसरा म्हणतो, स्वस्त झालेलं एक तरी बिल दाखव. परवा एकाने साबणाची वडी हातात धरून अर्धा तास वाद घातला आणि वडी न घेताच गेला. रामराव मला म्हणाले, "ताई, तुम्ही तरी काही घ्या."

मी आपली नेहमीची डाळ घेतली. तुम्हाला माहीत आहेच, मी तीच घेते. उघड्या कट्ट्याचं तोंड गुंडाळलेलं असतं आणि खाली फुलाच्या चित्राशेजारी हिरव्या अक्षरांत "पुष्पांजली छाप तूरडाळ, नांदुरा". मयुरी आता पहिलीत गेली. जोडाक्षरं यायच्या आधी तिला हे एक जोडाक्षर वाचता आलं. रिकामे कट्टे रामराव मला देतात. आमच्या मळ्यात कांद्यावर, मिरचीवर, न्हाणीच्या दाराला, सगळीकडे माझंच नाव आहे. सागर म्हणतात, मी जेवायलासुद्धा तुझ्या नावावर बसतो.

वहिनी, त्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून निघाले तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते, "मी बोलावीन तवाच ये." त्यांनी अजून बोलावलेलं नाही. पण नाव कट्ट्यावर आहे तोवर कधीतरी बोलावतील, असं मी धरून चालले आहे. हे सागरनाही मी बोलून दाखवलेलं नाही, तुम्हाला सांगते.

बाबांचा गुडघा कसा आहे?

तुमची,
पुष्पा


नांदुरा
२३ जुलै २०१७

सौ. पुष्पाताईंस,
कोकिळाचा नमस्कार.

पत्र पोचलं. कडूबाने ते असं लपवून दिलं की जणू मी तुरुंगात आहे. त्याला म्हटलं, "काऊन रे, एवढं काय?" तर म्हणतो, "मालक पाहून राह्यले होते."

मामंजींचा गुडघा पावसाळी हवेत दुखतो, पण सांगायचं कोणी? तेल लावू का विचारलं की "ठेव तिथं" म्हणतात.

तुमच्याकडे भाषणं, तर आमच्याकडे सभा. गावातल्या व्यापाऱ्यांची सभा झाली, तुमचे भाऊ गेले होते. घरी येऊन मला समजावू लागले की डाळीला कर नाही, फक्त नोंदणी केलेल्या छापाला आहे, आपला छाप नोंदवलेला नाही, म्हणून आपण सुटलो. मी म्हटलं, कुंकवाला कर नाही, टिकलीला नाही, आणि बाईला दर महिन्याला जे लागतं त्याला आहे, हे सभेत कोणी काढलं का? तर कानाच्या पाळ्या लाल करून बाहेर निघून गेले. प्रेम नाव ठेवलेला माणूस असा असतो.

मामंजी मात्र पेपरातलं कराचं पान घडी घालून ठेवतात आणि दुपारी पुन्हा वाचतात. परवा मला विचारलं, "देऊळगावले आपला माल कसा जाते बे, कडूबा सांगते का काही?" प्रश्न मला आणि गड्यांना म्हणायचं "बे" तेही मलाच, म्हणजे मन ठिकाणावर नव्हतं. मी म्हटलं, "चांगला जातो. एक गिऱ्हाईक तर ठरलेलं आहे." त्यांनी कोण म्हणून विचारलं नाही. पाणी मात्र दोनदा मागून घेतलं.

धीर धरा. आम्ही हिवरा आश्रम गावाकडच्या बायका माणसं ओळखतो. हा माणूस आतून तुमचाच आहे.

मयुरीला पापा.

तुमची,
कोकिळा


देऊळगाव राजा
१५ ऑक्टोबर २०१७

प्रिय वहिनी,

दिवाळीच्या तोंडावर असं पत्र लिहू नये, पण राहवत नाही.

काल दुकानात गेले. बालाजीची यात्रा आटोपली, गर्दी ओसरली, म्हटलं निवांत डाळ घ्यावी. कट्टा नेहमीच्या जागी होता, तोंड गुंडाळलेलं, वर तसाच पत्र्याचा डबा. पण अंगावर एक अक्षर नाही. पांढरा, कोरा.

मी रामरावांना म्हटलं, ही आमची डाळ नव्हे. ते म्हणाले, "तुमचीच हाये ताई, नांदुऱ्याचीच. गाडी तीच, कडूबा तोच. आता नावाचं काय घेऊन बसलात? डाळ शिजल्याशी कारण."

मयुरी माझा पदर ओढून विचारू लागली, "आई, तुझं नाव कुठं गेलं?" मी तिचा हात धरून निघाले. घरी येऊन वरण केलं. डाळ तीच होती, पहिल्या वाफेलाच ओळखू आली. पण मी माझ्या पानात ते वाढून घेतलं नाही.

वहिनी, मला खरं सांगा. काय झालं? कोणी माझ्याबद्दल काही बोललं का? आम्ही या वर्षी मळ्याला ठिबक केलं, नवी मोटर घेतली, ते बाबांच्या कानावर गेलं आणि त्यांना वाटलं का की हिला आता माहेर कशाला? की एवढी वर्षं वाट पाहून शेवटी मन घट्ट केलं? मला रागावले असते तरी चाललं असतं. पण नाव पुसलं म्हणजे माझ्याकडे उरलंच काय?

भाऊबीजेला दादाचा फोन येईल. त्याला हे विचारणार नाही. तुम्हालाच विचारते आहे.

पुष्पा


नांदुरा
२६ ऑक्टोबर २०१७

पुष्पाताई,

उगाच नाही नाही ते मनात आणता. छापखान्यात खोळंबा झाला आहे, म्हणून कोरे कट्टे. दिवाळीची गडबड, पाहुणे, वर घरातली आजारपणं, म्हणून उत्तराला उशीर. चकल्या पाठवल्या आहेत, कडूबाने वाटेत खाल्ल्या नसतील तर पोचतील.

मामंजी बरे आहेत.

कोकिळा


देऊळगाव राजा
१९ नोव्हेंबर २०१७

वहिनी,

चकल्या पोचल्या. चांगल्या झाल्या होत्या. पण तुमचं पत्र तुमच्यासारखं नव्हतं. एकही टोमणा नाही, त्यावरूनच मला कळायला हवं होतं.

मागच्या आठवड्यात रामरावांनी रिकामा कट्टा दिला. मेथीच्या जुड्या बाजारात न्यायच्या होत्या, म्हणून झटकायला मी तो उलटा केला. आतून माझं नाव निघालं. हिरव्या अक्षरांत, फुलासकट, जसं होतं तसं. म्हणजे छापखान्यात काही खोळंबलेलं नाही. छापलेले कट्टे घरात आहेत आणि कोणीतरी बसून एकेक उलटा करून भरतं आहे.

कडूबाभाऊंना धरलं. ते आधी गाडीचं चाक पाहत बसले. मग म्हणाले, "ताई, मले काई इचारू नोका. मालकानंच सांगतलं उलटे करा म्हनून. म्या सोता पाह्यलं."

तर बाबांनीच सांगितलं. नवे कट्टे घ्यायलाही थांबले नाहीत, एवढी घाई झाली होती त्यांना मला झाकायची.

मी तुमच्यावर रागावलेले नाही. तुम्ही माझं मन राखायला खोटं लिहिलंत. पण आता मला त्या डाळीचं ओझं होतं. परवा मी दुसऱ्या मिलची घेतली. शिजायला वेळ लागतो आणि चवीला काही नाही. सागरनी ते वरण संपवलं. पान उचलताना म्हणाले, "पुष्पा, तू एकदा जाऊन ये." कुठल्या तोंडाने जाऊ? बोलावल्याशिवाय यायचं नाही असं त्यांनी सांगितलं आहे, आणि मीही त्यांचीच लेक आहे.

खरं आठवतं ते एकच. दर हंगामात नव्या तुरीची पहिली डाळ निघाली की पहिल्या कट्ट्याचं तोंड मीच शिवायचे. मशीन असूनसुद्धा. बाबा दाभणात सुतळी ओवून द्यायचे आणि मी शेवटी लांब शेपूट सोडायचे, त्यावरून ते दरवर्षी ओरडायचे. दाभण बोटात घुसला की आई, होती तोवर, हळद लावून फुंकर मारायची. वहिनी, मला ते ओरडणं हवं आहे हो. बाकी काही नको.

पुष्पा


नांदुरा
३ डिसेंबर २०१७

पुष्पाताई,

हात जोडते, दुसऱ्या मिलची डाळ खाऊ नका. सगळं सांगते. मामंजींनी मला बजावलं होतं, "तिले काही कळवाचं नाही." आजपर्यंत पाळलं, आता नाही पाळत. काय करायचं ते करोत.

सप्टेंबरात नियम बदलला. आधी फक्त नोंदणी केलेल्या छापाला कर होता. आता ठरलं की नोंदणी नसली तरी ज्या नावावर तुम्ही हक्क सांगू शकता, त्यालाही कर. नाव ठेवायचं आणि कर नको असेल, तर लिहून द्यायचं की या नावावरचा हक्क मी आपखुशीने सोडला. आणि तेवढ्यावर भागत नाही, तेच वाक्य प्रत्येक कट्ट्यावर छापायचं. न पुसणाऱ्या शाईत.

बाजारातल्या बऱ्याच जणांनी हसतहसत लिहून दिलं. कोणाचा छाप हत्ती, कोणाचा कमळ. हत्तीवरचा हक्क सोडायला काय लागतं?

खामगावचे कर सल्लागार तयार कागद घेऊन आपल्या ओसरीवर आले. तुमचे भाऊ म्हणाले, "बाबा, नुसती सही आहे." मी चहा घेऊन दारातच उभी होते. मामंजींनी चष्मा पुसला आणि कागद वाचला. पुन्हा वाचला. मग सल्लागारांना म्हणाले, "हे नाव कोनाचं आहे?"

ते म्हणाले, "तुमच्या ब्रँडचं."

"ब्रँडचं नाही. माह्या पोरीचं आहे." आवाज चढला नव्हता, पण सल्लागारांनी कप खाली ठेवला. "तिच्या नावावरचा हक्क म्या सोडला असं लिहून देऊ? राजीखुशीनं? आन् ते तिच्या नावाखाली छापून देऊळगावच्या दुकानात मांडू, तिनं वाचावं म्हनून?"

तुमचे भाऊ म्हणाले, "मग कर भरून विकू. पण महाग पडेल, गिऱ्हाईक बाजूचा कट्टा घेईल. नाहीतर कोरे कट्टे आणतो."

"कोरे काऊन? हेच उलटे कर. नाव आत राहू दे."

ताई, तुम्हाला वाटलं घाईने झाकलं. मी पाहिलं ते सांगते. मजूर बायका कट्टे भराभर उलटत होत्या, तर हे दुखऱ्या गुडघ्याने खाली बसले आणि स्वतः एकेक उलटू लागले. कोपरे दाभणाने नीट बाहेर काढत होते. एकीने नावावर पाय ठेवला तर तिला "पाय काढ, बाई" म्हणाले. मी आत जाऊन रडले. माझ्या बापाने माझ्यासाठी असं काही केलेलं नाही.

मी म्हटलं, "मामंजी, ताईंना एकदा सांगू द्या, त्यांना वाईट वाटेल." तर म्हणाले, "तिले वाटन की म्या उपकार करून राह्यलो. नको." असा हा तुमचा बाप. आणि तशाच तुम्ही. बोलावणं येईल तर जाईन! दोघांच्या हट्टाला कुठला कर लावायचा ते सरकारला विचारायला हवं.

तुमचीच,
कोकिळा


देऊळगाव राजा
१८ जानेवारी २०१८

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र मी वांग्याच्या वाफ्यात बसून वाचलं. माझं रडणं ऐकून सागर धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचून नीट घडी घातली आणि म्हणाले, "मी उगाच त्या माणसाला कठोर समजत होतो." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बाबांबद्दल चांगला शब्द काढला.

मी इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं हे ठरत नव्हतं. आता ठरलं आहे. वहिनी, बाबांना सही करायला लावा. त्यांना कसंही करून समजवा. ती मिल म्हणजे तुम्हा सगळ्यांचं ताट आहे. कोऱ्या कट्ट्याला कोणी ओळखत नाही. रामराव सांगतात, लोक आता "नांदुऱ्याची द्या" म्हणत नाहीत, "स्वस्तातली द्या" म्हणतात. बाबांनी उभ्या हयातीत मिळवलेली ओळख माझ्यापायी जाऊ नये. त्यांनी लिहून दिलं, छापलं, तरी मी ते वाचून न वाचल्यासारखं करीन. मला आता खरं काय ते कळलं आहे, तेवढं पुरे.

पुरे असं लिहिलं खरं. पुरत नाही. आता तर जास्तच ओढ लागली आहे. आधी वाटायचं ते मला विसरले, तेव्हा मनाला दटावता येत होतं. संक्रांतीला मयुरीने विचारलं, आजोबा कसे दिसतात? मी सांगितलं, उंच आहेत, कपाळावर कायम डाळीचा भुगा असतो. पण ती उंची माझ्या लहानपणची. आता किती वाकले आहेत हे मला माहीतच नाही.

नवी तूर आली असेल. पहिला कट्टा कोण शिवतं?

हे पत्र त्यांना दाखवू नका.

पुष्पा


देऊळगाव राजा
४ मार्च २०१८

वहिनी,

तुम्ही उत्तर का देत नाही? कडूबाभाऊ नुसतं "सगळे बरे हायेत" म्हणतात आणि गाडी सुरू करतात.

काल काय झालं ते सांगायलाच हवं. दुकानात कोऱ्या कट्ट्यांच्या रांगेत दोन कट्टे सरळ उभे होते. हिरवी अक्षरं, फूल, नाव. मी आधी खाली पाहिलं, ते वाक्य शोधलं. नाही. हक्क सोडल्याचं कुठेही छापलेलं नाही. म्हणजे कर भरून पाठवलेले.

रामराव कपाळाला हात लावून बसले होते. "ताई, तुमच्या वडिलांना झालंय तरी काय? तीच डाळ, तोच दाणा. कोरी स्वस्त आणि ही महाग. माणसं मला विचारतात, नुसत्या नावाचे जादा पैसे का द्यायचे? आता काय उत्तर देऊ?" कडूबाभाऊ म्हणे सांगून गेले, मालकाचा हुकूम आहे, हे दोन देऊळगावलाच उतरवायचे, दुसरीकडे कुठे नाही.

दुकानात पुन्हा वाद पेटला. एक म्हणाला, हा करच चुकीचा. दुसरा म्हणाला, नाव पाहिजे तर नावाचे पैसे मोजा. मी मध्येच म्हटलं, "मला द्या." रामराव मापाचा डबा शोधू लागले. एक कट्टा अख्खा घेतला. सागर तो खांद्यावर घेऊन निघाले आणि वाटेत म्हणाले, "आता पाऊस पडेपर्यंत वरणच खायचं आहे." मयुरी पुढे पळत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, हे माझ्या आईचं नाव आहे.

दुसरा कट्टा अजून तसाच आहे. त्याला कोणी हात लावत नाही. मीच घेईन तो. पण वहिनी, त्यांना सांगा, असा तोटा करून घेऊ नका. मला खूप आनंद झाला आहे आणि फार रडू येतं आहे, दोन्ही सांगा.

पुष्पा


॥ श्री ॥

नांदुरा
मिती फाल्गुन वद्य, मार्च २०१८

चि. सौ. पुष्पांजलीस,
वामनरावाचा आशीर्वाद. विशेष लिहिण्यास कारण की,

तुझी पत्रं सूनबाईने मला दिली. तिला रागावू नये, मीच मागून घेतली. तिला उत्तर लिहू नको असंही मीच सांगितलं, कारण उत्तर मला लिहायचं होतं. बसलो की जमत नव्हतं. पावती लिहायची सवय, पत्राची नाही.

तू लिहितेस की सही करा. सही करणार नाही. धंदा प्रेमचा आहे, तो कोऱ्या कट्ट्यावर चालवील, पोटापुरतं मिळतं. कर सरकारचा आहे, तो देऊ. पण जे सोडलेलं नाही ते सोडलं म्हणून लिहिणं माझ्याने होणार नाही.

देऊळगावला दोन कट्टे पाठवले ते तुला दिसावेत म्हणून. विकायला नव्हते. त्यातला एक तूच विकत घेतला असं कडूबाने सांगितलं. हे मला बरं वाटलं नाही. पोरीने बापाची डाळ दुकानातून घेऊ नये. दुसरा कट्टा घेऊ नकोस.

इथे नव्या तुरीची डाळ निघाली. पहिला कट्टा भरून ओसरीवर ठेवला आहे, सरळ बाजूने. तू गेल्यापासून तो मी शिवत होतो. मले तुह्यासारखं जमत नाही, टाके तिरपे येतात. औंदा शिवला नाही. तोंड उघडं आहे, चिमण्या दाणे नेऊन राह्यल्या. सुतळी दाभणात ओवून ठेवली आहे. शेपूट लांब सोडजो, मी काही म्हणणार नाही.

जावईबापू आणि मयुरीले घेऊन पाडव्याच्या आत ये. मी बोलावून राह्यलो.

घरच्या डाळीवर कर नाही.

तुझा,
बाबा